अंबोसेलीच्या परिसरातील एक थांबलेली शिकार : प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

केनियाच्या दक्षिण सीमेवर, किलिमांजारो पर्वताच्या उत्तरेला असलेल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेकडील एका मासाई वस्तीवर घडलेल्या प्रसंगाची ही नोंद आहे. एका सिंहिणीने पहाटे शेळ्यांच्या वाड्यात शिरून जनावरे मारली, भाले घेतलेले तरुण तिच्या मागावर निघाले आणि त्याच समाजातील रक्षकांना मध्ये उभे राहावे लागले. वस्तीचे व व्यक्तींचे नाव दिलेले नाही. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. त्या भागाविषयी आणि तिथल्या संस्थांविषयी दिलेली माहिती मात्र जशीच्या तशी आहे.

शिकार टळली, एवढ्यापुरते पाहिले तर हे यशाचे प्रकरण ठरते. तरीही ते अभ्यासण्याजोगे आहे ते त्या दिवशी घेतलेल्या निर्णयांच्या क्रमामुळे. रक्षकांनी आधी शेळ्यांचा प्रश्न हातात घेतला आणि सिंहिणीचा नंतर. या क्रमाने काय साधले आणि कोणते प्रश्न तसेच राहिले, हे पुढे मांडले आहे.

पार्श्वभूमी

अंबोसेली उद्यानाचे क्षेत्रफळ ३९२ चौरस किलोमीटर आहे. हत्ती, सिंह, झेब्रे आणि वाइल्डबीस्ट यांना एवढी जागा पुरत नाही. वर्षाचा मोठा काळ हे प्राणी उद्यानाबाहेर, मासाई कुटुंबांच्या सामूहिक मालकीच्या कुरणांवर असतात. ओल्गुलुलुई, म्बिरिकानी, एसेलेंकेई, कुकू, रोम्बो ही त्यांपैकी काही. १९६८च्या कायद्याने ही सामूहिक कुरणे नोंदवली गेली आणि २०१६च्या सामुदायिक जमीन कायद्यानंतर त्यांचे स्वरूप पुन्हा बदलू लागले. वन्यप्राण्यांची कायदेशीर जबाबदारी केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी संस्थेकडे असली, तरी सिंह ज्या जमिनीवर फिरतो ती मासाईंची असते आणि तो जे जनावर मारतो तेही त्यांचेच असते.

या दोहोंच्या मधल्या जागेत सामुदायिक रक्षक काम करतात. ते त्याच कुरणांतील कुटुंबांतून निवडलेले असतात, बहुतेक निःशस्त्र असतात आणि त्यांचे वेतन प्रामुख्याने बिगरसरकारी संस्थांकडून येते. २०१० साली स्थापन झालेली बिग लाइफ ही संस्था त्यांपैकी मोठी. अंबोसेली, त्सावो आणि किलिमांजारो यांच्या दरम्यानच्या सुमारे १६ लाख एकर भूभागात तिचे काम चालते. ओल्गुलुलुई भागात २०१९ साली आठ तरुण मासाई स्त्रियांचे एक रक्षक पथक उभे राहिले, तोपर्यंत हे काम जवळजवळ पूर्णपणे पुरुषांचेच मानले जात होते. सिंहांच्या बाबतीत २००७ साली सुरू झालेल्या लायन गार्डियन्स या उपक्रमाने वेगळी वाट काढली. ज्या तरुणांकडून शिकारीची भीती होती त्यांनाच नेमून सिंहांचा माग काढणे, वस्त्यांना सावध करणे, हरवलेली गुरे शोधणे आणि कुंपणे मजबूत करणे ही कामे त्यांच्यावर सोपवली. नेमलेल्यांपैकी काहींनी पूर्वी स्वतः सिंह मारलेले होते.

म्बिरिकानीत २००३पासून हिंस्र प्राण्यांनी मारलेल्या जनावरांची भरपाई देणारा निधी चालतो. त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. दावा आला की पडताळणी अधिकारी जागेवर जाऊन पंचनामा करतो. मालकाने निष्काळजीपणा केला असेल, कुंपण कच्चे असेल किंवा जनावर रात्री रानात राहिले असेल, तर रक्कम कापली जाते. शिवाय कोणी सिंह मारला तर दंड होतो आणि त्या भागातील इतरांचीही भरपाई रोखली जाते. म्हणजे एकाच्या कृत्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो, आणि नेमक्या त्यामुळे शेजारी त्याला आवरतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भरपाई योजनेच्या क्षेत्रात सिंहांच्या हत्या ८७ ते ९१ टक्क्यांनी आणि लायन गार्डियन्सच्या क्षेत्रात ९९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

ही घट कायमची मानता येत नाही, हे मे २०२३मध्ये दिसले. त्याआधी या भागाने सलग पाच पावसाळे कोरडे गेल्याचा दुष्काळ सोसला होता. २०२२च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात २०५ हत्ती, ५१२ वाइल्डबीस्ट आणि ३८१ साधे झेब्रे मेल्याची सरकारी नोंद आहे, आणि अंबोसेलीचा परिसर सर्वाधिक झळ बसलेल्यांत होता. गुरांचेही तेच झाले. अशा वेळी सिंहांची चंगळ असते, कारण अशक्त झेब्रे सहज हाती लागतात. संकट पाऊस पडल्यावर येते. तोवर रानातील भक्ष्य कमी झालेले असते, उरलेले धष्टपुष्ट होऊन दूरवर पांगते आणि सिंह वाड्यांकडे वळतात. दुसरीकडे, कळपातील बहुतेक गाई गमावलेल्या कुटुंबाला उरलेली प्रत्येक शेळी जड वाटते. १० मे २०२३ रोजी लूनकिटो हा सुमारे १९ वर्षांचा, देशातील सर्वांत वयस्क समजला जाणारा सिंह एका वस्तीत भाल्यांनी मारला गेला, आणि त्याच आठवड्यात ११ शेळ्या व एक कुत्रा मारल्याच्या बदल्यात म्बिरिकानीत सहा सिंह मारले गेले. येथे मांडलेला प्रसंग त्यानंतर काही काळाने घडला. सगळ्यांच्या मनात, रक्षकांच्या आणि भालेवाल्यांच्याही, तो आठवडा ताजा होता.

प्रसंग आणि समस्या

वस्ती लहान होती. पुरुष गुरे घेऊन दूरच्या चराईवर गेलेले होते, घरी स्त्रिया, मुले, दोन म्हातारे आणि शेळ्या-मेंढ्या होत्या. वाड्याला बाभळीच्या फांद्यांचे कुंपण होते, पण फाटकात रोवलेल्या फांद्या वाळून हलक्या झाल्या होत्या. पहाटे एक सिंहीण तिथून आत शिरली. उजाडल्यावर सात शेळ्या मेलेल्या आढळल्या, दोन बेपत्ता होत्या. मारलेल्या शेळ्यांपैकी दोन तिने बाहेर ओढत नेल्या होत्या. ठशांवरून तिच्यासोबत दोन मोठे छावे असल्याचे स्पष्ट होते, आणि माग वस्तीपासून फार दूर नसलेल्या एका कोरड्या ओढ्याच्या काठच्या दाट झुडपात जात होता.

मालकिणीच्या मुलाने रक्षक ठाण्याला फोन केला. त्याच वेळी वस्तीतल्या आणखी कोणीतरी शेजारच्या वस्त्यांतील तरुणांना फोन केला आणि तो निरोप अधिक वेगाने पसरला. चार रक्षक पोहोचले तेव्हा ओढ्याजवळ वीसेक मोरान, म्हणजे तरुण योद्ध्यांच्या वयोगटातील मुले, भाले घेऊन जमली होती आणि आणखी येत होती. मोरानांनी एकत्र येऊन सिंहाची शिकार करणे, ज्याला ओलामायिओ म्हणतात, ही जुनी प्रथा आहे; पहिला भाला मारणाऱ्याला मान मिळतो. बदला आणि मान या दोन कारणांची त्या सकाळी सरमिसळ झाली होती. शेळ्या ज्यांच्या गेल्या त्यांच्यापैकी कोणीही त्या घोळक्यात नव्हते, ही बाब रक्षकांच्या प्रमुखाच्या लवकर लक्षात आली आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी तिच्यावर ठरल्या.

जुन्नर किंवा शिरूरच्या पट्ट्यात उसात बिबट्या दिसल्यावर जमणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको. कोंडलेले जनावर आणि वाढता जमाव यांच्यामध्ये वेळ हीच एक गोष्ट हाताशी असते. फरक इतकाच की जुन्नरची गर्दी बहुधा पाहायला आलेली असते, आणि ही मारायला आली होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: वाइल्डलाइफ सर्व्हिसचे सशस्त्र पथक बोलवायचे आणि ते येईपर्यंत बाजूला थांबायचे. २०१३च्या वन्यजीव कायद्यानुसार सिंहाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे आणि रोखण्याचा अधिकार त्या पथकालाच आहे. परंतु त्यांना यायला काही तास लागणार होते. शिवाय गणवेशातील बंदूकधारी दिसताच सरकारला आमच्या गुरांपेक्षा सिंह प्यारे आहेत ही जुनी तक्रार उफाळून येते. या कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे, मृत माणसाच्या कुटुंबाला ५० लाख शिलिंगपर्यंत, पण सरकारी दाव्यांना वर्षानुवर्षे लागतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरा पर्याय सिंहिणीला गाडीने आणि आवाजाने झुडपाबाहेर काढून दूर हाकलण्याचा होता. एका रक्षकाने तो आग्रहाने मांडला. ओढ्यापलीकडे मोकळे माळरान होते. दिवसाउजेडी छाव्यांसह बाहेर पडलेली सिंहीण तिथे भाल्यांच्या टप्प्यात आली असती, किंवा उलटून तिने कोणाला तरी फाडले असते. तो पर्याय सोडला गेला. तिला पकडून दुसरीकडे सोडण्याची सूचनाही दूरध्वनीवर आली. पण हलवलेले सिंह पुष्कळदा परत येतात किंवा नव्या जागी तोच प्रश्न उभा करतात, आणि पशुवैद्य येईपर्यंत जमाव शांत राहील याची कसलीच खात्री नव्हती, म्हणून त्यावर फार वेळ दवडला गेला नाही.

उरला तो मध्ये उभे राहून बोलण्याचा मार्ग. मात्र कोणाशी आणि कशाविषयी बोलायचे, हा खरा निर्णय होता. रक्षकांपैकी दोघे मोरानांच्याच वयोगटातले होते. समवयस्काने अडवले तर ते भित्रेपणाचे किंवा पगाराचे बोलणे ठरते, हे त्यांनीच प्रमुखाला सांगितले.

केलेली कृती

प्रमुखाने पथक विभागले. दोघे झुडपाच्या तोंडाशी थांबले, त्यांना वाद न घालता फक्त तिथे उभे राहण्यास सांगितले होते. तो स्वतः आणि एक स्त्री रक्षक वस्तीकडे वळले. सरकारी पथकाला कळवले, पण वस्तीच्या बरेच अलीकडे थांबण्याची विनंती केली. हा पहिला वादग्रस्त निर्णय. काही विपरीत घडले असते तर पूर्ण जबाबदारी त्याच्यावर आली असती.

दुसरा निर्णय पंचनामा लगेच आणि सर्वांसमोर सुरू करण्याचा. भरपाईचा पडताळणी अधिकारी अजून वाटेत होता, तरी प्रमुखाने मेलेल्या शेळ्या ओळीने मांडल्या, चाव्यांच्या खुणा पाहिल्या, फोटो काढले, मालकिणीकडून प्रत्येक शेळीचे वय आणि ती गाभण होती का हे विचारून मोठ्याने नोंदवले. ओढ्याजवळचे काही तरुण हे पाहायला वस्तीकडे आले. घोळका त्यामुळे फुटला. नुकसान कोणाचे झाले आहे, हा प्रश्न सकाळपासून प्रथमच उघडपणे विचारला गेला होता.

तिसरी गोष्ट ठरवून घडली नाही, पण बहुधा तीच निर्णायक ठरली. स्त्री रक्षक मालकिणीजवळ बसून भरपाईचे नियम पुन्हा समजावत होती. सिंहीण मारली गेली तर तिच्या सात शेळ्यांचे पैसे तर थांबतीलच, शेजारच्या वस्त्यांचे आधीचे दावेही अडकतील. हे ऐकल्यावर मालकीण उठून तरुणांसमोर गेली आणि ही शिकार माझ्या नावावर करू नका, असे तिने सुनावले. शिकारीनंतर गाणी म्हणून योद्ध्यांना गौरवतात त्या स्त्रियाच. ज्या घराचा बदला घ्यायचा त्याच घरची बाई नाही म्हणत असेल तर त्या शिकारीत मान उरत नाही.

यानंतर ओल्पिरोन वडीलधारे आले. मासाईंमध्ये प्रत्येक योद्धा वयोगटाला त्याच्याहून दोन पायऱ्या ज्येष्ठ वयोगट पालक म्हणून लाभलेला असतो. दीक्षेपासून शिस्तीपर्यंत त्याचा अधिकार चालतो आणि त्याच्या शापाची धास्ती तरुणांना खरोखर असते. दोन वडीलधाऱ्यांनी बसून, घाई न करता, सामूहिक दंडाची आठवण दिली आणि मे महिन्यातील हत्यांनंतर काय झाले ते सांगितले. दुपारपर्यंत बहुतेक तरुण पांगले. निघण्यापूर्वी एकाने रागाने झुडपात भाला फेकला. तो कोणाला लागला नाही.

त्या भाल्याचे काय करायचे, हा वेगळा पेच होता. कायद्याच्या भाषेत तो शिकारीचा प्रयत्न होता. प्रमुखाने सरकारी पथकाकडे तक्रार केली नाही; वडीलधाऱ्यांनी त्या तरुणाला समाजाच्या रीतीप्रमाणे दंड केला. अटक झाली असती तर संध्याकाळपर्यंत दुप्पट भाले जमले असते, हा त्याचा हिशेब मला पटतो. पण अशा सवलतीची कुठेही नोंद राहत नाही, आणि कोणाला ती द्यायची हे रक्षकाच्या नातेसंबंधांवर ठरू शकते, ही त्याची दुसरी बाजू आहे.

ओढ्याकाठी नेलेल्या दोन अर्धवट खाल्लेल्या शेळ्यांविषयीचा निर्णय बाहेरच्या वाचकाला किरकोळ वाटेल. वस्तुतः पुढच्या दोन रात्रींचा सर्वांत मोठा धोका तोच होता. भाल्याने शिकार करायला धैर्य आणि माणसे लागतात. कलेवरावर कार्बोफ्युरानसारखे शेतीतील कीटकनाशक टाकायला एकटा माणूस पुरतो, आणि त्याने सिंहांबरोबर तरस आणि गिधाडेही मरतात. डिसेंबर २०१५मध्ये मसाई मारातील एका प्रसिद्ध कळपातील सिंह असेच विषबाधेने मेले होते. कलेवरे लगेच नष्ट केली तर पंचनाम्याचा पुरावा जातो आणि सिंहीण उपाशीपोटी पुन्हा वाड्याकडे येण्याची शक्यता वाढते. तशीच ठेवली तर विषाला वाव राहतो. रक्षकांनी अधिकारी येईपर्यंत पहारा दिला, पडताळणी झाल्यावर ती जाळली आणि रात्र वस्तीवर काढायचे ठरवले. संध्याकाळपर्यंत ताज्या काटेरी फांद्या तोडून फाटक भरून काढले आणि वाड्याभोवती शेकोट्या पेटवल्या. नैरोबीजवळच्या किटेंगेला भागात रिचर्ड टुरेरे या मुलाने बनवलेल्या लुकलुकत्या दिव्यांसारखे दिवे इथे बसवावेत का, यावरही बोलणे झाले, पण त्या रात्री ते हाताशी नव्हते.

परिणाम

रात्री सिंहीण वाड्याच्या जवळून गेली, आत शिरली नाही. सकाळी तिचे आणि छाव्यांचे ठसे पूर्वेला च्युलू टेकड्यांच्या दिशेने जाताना मिळाले आणि नंतरच्या आठवड्यांत तिकडच्या रक्षकांना ते दिसत राहिले.

भरपाईबाबत निकाल कमी समाधानकारक लागला. फाटक कच्चे असल्याने रक्कम कापली गेली, आणि बेपत्ता दोन शेळ्यांची कलेवरे न सापडल्यामुळे त्यांचे काहीच मिळाले नाही. पैसे पुढच्या नेहमीच्या वाटपाच्या दिवशी आले. मालकिणीने ते घेतले, मात्र आपण सर्वांसमोर उभे राहिलो त्याची किंमत ही का, असे तिने रक्षकांना विचारले. नियमाप्रमाणे कपात बरोबर होती. तिचा प्रश्नही बरोबर होता. कुंपणाचे काम परंपरेने पुरुषांचे आणि पुरुष दुष्काळानंतरच्या चराईसाठी दूर. निष्काळजीपणा कोणाचा, हे ठरवायला नियमात जागाच नव्हती.

काही काळाने दुसऱ्या एका भागात एक नर सिंह मारला गेला आणि तिथली भरपाई थांबली. त्या ठिकाणी रक्षक पोहोचण्यापूर्वीच सगळे आटोपले होते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी त्रुटी आदल्या दिवसाची होती. माग काढणाऱ्या रक्षकाला या सिंहिणीचे ठसे वस्तीच्या बाजूला आधीच दिसले होते आणि त्याने पाणवठ्यावर जमलेल्या गुराख्यांना सावधही केले होते. पण ते गुराखी त्या रात्री घरी परतणार नव्हते. वाड्याचे फाटक संध्याकाळी लावणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांच्यापर्यंत इशारा पोहोचलाच नाही. इशारा देण्याची पद्धत पुरुष घरी असतात या गृहीतकावर उभी होती, आणि दुष्काळाने ते गृहीतक मोडले होते.

दुसरी गोष्ट फोनच्या क्रमाची. रक्षक ठाण्याने पहिला फोन सरकारी स्थानिक प्रमुखाला केला आणि ओल्पिरोन वडीलधाऱ्यांना बराच उशिरा. या सरकारी प्रमुखाला कळवणे आवश्यक होते यात शंका नाही, परंतु त्याच्या शब्दाने मोरान थांबत नाहीत. वडीलधारे तासभर आधी आले असते तर कदाचित तो भालाही फेकला गेला नसता. मालकिणीचे बोलणे त्या दिवशी वेळेवर घडले याचे श्रेय एका रक्षकाच्या प्रसंगावधानाला जाते, पथकाच्या ठरलेल्या रीतीला नाही. चौघेही पुरुष असते तर तिच्याजवळ बसून नियम कोणी समजावले असते, हे सांगणे कठीण आहे.

सरकारी पथकाला दूर थांबवण्याच्या निर्णयावर रक्षकांमध्येच मतभेद राहिले. ज्याने सिंहिणीला हाकलण्याचा पर्याय मांडला होता त्याचे म्हणणे असे की, भाला फेकणारा तरुण आणखी दहा जणांना घेऊन झुडपात शिरला असता तर निःशस्त्र दोघे काहीच करू शकले नसते. हा आक्षेप योग्य आहे. पथक नजरेआड पण काही मिनिटांच्या अंतरावर ठेवणे, आणि ते केव्हा पुढे येईल याची खूण आधीच ठरवणे, हा मधला मार्ग त्यावेळी सुचला नव्हता.

या प्रसंगानंतर ठाण्याने दोन बदल केले. प्रत्येक वस्तीतील किमान एका स्त्रीचा फोन क्रमांक इशाऱ्याच्या यादीत आला, आणि पुरुष चराईला गेलेल्या वस्त्यांची फाटके आठवड्यातून एकदा रक्षकांनी तपासायची असे ठरले. कुंपण कच्चे असल्याबद्दलची कपात पुरुष गैरहजर असताना शिथिल करावी, ही सूचना निधीच्या समितीपुढे गेली. समितीतील काहींना भीती वाटते की मग प्रत्येक दाव्यात पुरुष चराईलाच गेलेले असतील. दरम्यान सामूहिक कुरणांची वैयक्तिक तुकड्यांत विभागणी सुरू आहे. जमीन एकेकाच्या नावावर गेल्यावर एका भागातील सर्वांची भरपाई एकत्र रोखण्याचा नियम कोणत्या सीमेपर्यंत लागू करायचा, यावर समितीची चर्चा अजून संपलेली नाही.